दोन बोटं सैल

घोडीचे डोळे बघायचे, एवढंच माझं काम होतं. त्यासाठी जनावरांच्या दवाखान्यात जावं लागेल, कॉलनीची सभा भरेल, या वयात मला स्वतःला घोडीवर चढवलं जाईल आणि आनंदाबाईंच्या वर्षभराच्या कुरडया जातील, असं कोणी आधी सांगितलं असतं, तर मी मुलाला ऑटोत बसवून मांडवात नेलं असतं.

मुलगा अनुप. पुण्याला नोकरीवर असतो. त्याचं लग्न आंजीच्या किसनरावांच्या वर्षालीशी ठरलं. लॉन, आचारी, बँड, व्हिडिओवाला हे सगळं किसनरावांनी स्वतःकडे घेतलं. मी एकटा माणूस, माझ्याच्यानं काय होणार, असा त्यांचा चांगल्या मनानं केलेला हिशेब. माझ्याकडे राहिली फक्त घोडी.

घोडी कोणती, हे अनुपच्या आईनं आधीच ठरवून ठेवलं होतं. काही वर्षांपूर्वी इथेच पिपरीला एका लग्नात ती जेवता जेवता ताट घेऊन कुठेतरी निघून गेली. परत आली तेव्हा तिच्या हाताला घोड्याचा वास येत होता. म्हणाली, "अनुपच्या लग्नात हीच घोडी आणायची. काय डोळे आहेत हो तिचे." मी जिलबी खात होतो. हो म्हटलं. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. त्यामुळे दुसरी घोडी चालेल का, हे विचारायलाही आता कोणी नव्हतं.

माझ्या गळ्यातल्या पट्ट्याचंही इथेच सांगून टाकतो, कारण तो पुढे सारखा मध्ये येणार आहे. वर्षभर मी म्हणे मान खाली घालून बसायचो. मला काही ते कळलं नव्हतं. मग हाताला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला. त्यानं हनुवटी कायम वर राहते. समोरच्याला वाटतं, भोयर एकदम ताठ झाले. पाटबंधारे खात्यात साहेबांपुढे माझी मान अशी राहिली असती, तर निदान हेडक्लार्क होऊन तरी निवृत्त झालो असतो.

चौकशी केली, तर पिपरीची ती घोडी निघाली आंजीच्याच चिंधूची. नाव मैना. वर्ध्यात एका लग्नाला ती येणार आहे असं कळलं, म्हणून मी लॉनच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. पांढरी, उंच, अंगावर लाल मखमल, कपाळावर मण्यांची झालर. बँड वाजत होता आणि ती जागच्या जागी पाय आपटत होती. पण मान अशी वाकवलेली की हनुवटी छातीला टेकलेली. झालर खाली लोंबलेली. डोळे कुठे आहेत याचा अंदाजही लागेना. मी वाकून बघायला गेलो, तर पट्टा वाकू देईना. तिची मान खाली बांधलेली, माझी वर. असे आम्ही दोघं समोरासमोर उभे.

चिंधूला म्हटलं, "भाऊ, जरा हिची मान सोडता का? डोळे बघायचे होते."

चिंधूनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नवरदेव पाठीवर बसते काका," तो म्हणाला, "डोयात नाई बसत."

मग त्यानं समजावून सांगितलं. लगामापासून एक चामडी पट्टा पुढच्या पायांमधून पोटाखाली जातो आणि तंगाला, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याला, आवळलेला असतो. त्याला जेरबंद म्हणतात. बिबट्या जेरबंद, दरोडेखोर जेरबंद असं मी जन्मभर पेपरात वाचत आलो. खरा जेरबंद त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्या पट्ट्यामुळे मान झुकते, आणि मान झुकली तरच घोडी घोडीसारखी दिसते. "नाई त मंग म्हशीवर बसवा पोराले," चिंधू म्हणाला.

तिच्या तोंडाला फेस होता आणि श्वास घेताना गळ्यात घरघर होत होती. मी ते दाखवलं. तो म्हणाला, सवय आहे तिले. आता वर्षभर मलाही सगळे हेच सांगत होते, सवय होईल. त्यामुळे त्या शब्दावरचा माझा विश्वास जरा कमी झालेला होता. मी म्हटलं, घोडी हीच पाहिजे, पण मान सैल पाहिजे. चिंधू म्हणाला, हीच पाहिजे असंन तर आवळूनच मिळंन. मान मोकळी सोडली, फटाका फुटला अन् घोडी बिथरली, तर नवरदेव कोण गोळा करणार? त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि माझी अडचण तिथूनच सुरू झाली.

घरी येऊन मी हे आनंदाबाईंना सांगितलं. त्या शेजारच्या. अनुपची आई गेल्यापासून रोज एक डबा आणि डब्याबरोबर एक सल्ला आणून देतात. त्यांना सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. भांडी घासून होत नाहीत तोवर सुभेदार धर्मेंद्र हजर. हे पुलगावच्या डेपोतून निवृत्त झाले. त्याआधी काही वर्षं उत्तरेत कुठेतरी लष्करी घोड्यांच्या चंदीचा साठा त्यांच्या ताब्यात होता. घोडे त्यांनी किती जवळून पाहिले माहीत नाही, पण घोड्यांचा हरभरा पाहिला, आणि तेवढ्यावर ते घोड्यांविषयी अधिकारानं बोलतात.

त्यांनी सांगितलं की हा वाद जगभर चालू आहे. परदेशात घोडा संगीतावर चालवायच्या स्पर्धा असतात. स्वार कोट आणि उंच टोपी घालतो, घोडा तालावर पाय उचलतो, परीक्षक गुण देतात. आणि तिथेही वर्षानुवर्षं हेच भांडण, की घोड्याची मान किती वाकवावी. एक पक्ष म्हणतो, मान गोल झाली की घोड्याचं अंग मोकळं होतं आणि तो स्वाराचं ऐकतो. दुसरा पक्ष म्हणतो, हनुवटी छातीला लावली की त्याला पुढचं दिसत नाही, श्वास कोंडतो, जबडा दुखतो. कपाळापासून नाकापर्यंतची रेघ उभी राहिली किंवा नाक जरा पुढे आलं, इथवर ठीक. नाक त्या रेघेच्या मागे गेलं की समजायचं, "घोडा ऐकत नाहीये भोयर, हरला आहे."

मला ते वाक्य आवडलं नाही. पट्टा नीट करायच्या निमित्तानं मी जरा आत जाऊन आलो.

बाहेर आलो तर सुभेदार मोबाईलवर त्या स्पर्धेचा व्हिडिओ दाखवत होते. एक कोटवाली बाई घोड्यावर ताठ बसलेली. घोडा तिरका चालतो, उभा राहतो, जागच्या जागी पाय उचलतो. आनंदाबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी काळजीनं विचारलं, "बाई त बसली खरी, पण नवरदेव कुठी आहे?"

सुभेदारांचा सल्ला असा पडला की चिंधूशी तोंडी बोलून उपयोग नाही, डॉक्टरांचा कागद पाहिजे. मी पडलो कारकून. कागद म्हटलं की मला धीर येतो. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. ओळीत माझ्या पुढे एक शेळी, मागे एक गोऱ्हा, मध्ये मी पट्टा घालून. एका बाईनं दुसरीला हळूच सांगितलं की माणसांचा दवाखाना पुढच्या चौकात आहे, पण बिचाऱ्याला कोणी सांगितलं नसंल.

डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. घोडी कुठे आहे विचारलं. मी म्हटलं, आंजीला. आजारी आहे का? नाही. लंगडते का? नाही. घोडी तुमची आहे का? नाही. मग त्यांनी दाखल्याचा नमुना माझ्यासमोर ठेवला. त्यात ताप होता, जखम होती, लंगडेपणा होता, गाभण आहे की नाही हेही होतं, पण मान नव्हती. ते म्हणाले, मान बांधणं चुकीचं आहे असं मला वाटतं, पण माझं वाटणं लिहायला यात जागा नाही. मी म्हटलं, शेरा म्हणून लिहा. ते म्हणाले, शेरा लिहायला आधी जनावर तपासावं लागतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी हीच उत्तरं लोकांना दिली आहेत. ऐकायला कशी लागतात ते कळलं नव्हतं.

मी उठलो तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या गळ्याकडे गेलं. त्यांनी हात पुढे करून पट्ट्यात बोटं घालून पाहिली. "फार आवळलाय काका. दोन बोटं आत गेली पाहिजेत. माणसाचा असो की जनावराचा, पट्टा म्हटला की दोन बोटं."

पट्टा मी तसाच ठेवला. दोन बोटं मात्र घेऊन घरी आलो.

रविवारी माझ्या ओसरीवर सभा भरली. मी बोलावली नव्हती. चिंधू घोडी घेऊन आंजीहून टेम्पोनं आला होता, कारण सुभेदारांनी त्याला परस्पर फोन केला होता. किसनराव फोनवर होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं, घोडी नाचली पाहिजे. पाव्हणे यवतमाळपासून येणार आहेत. घोडी नाचली नाही तर लोक म्हणतील, सासऱ्यानं बँड हलका आणला. "भोयरजी, तुमी मनाले लावून घेऊन राह्यले," ते म्हणाले. "लग्नाचे दोन घंटे त आहे. काय होते तिले?" मग त्यांनी व्हिडिओवाल्याला फोन दिला. त्यानं वेगळाच मुद्दा काढला. घोडीची मान वर असली की समोरून नवरदेवाचं तोंडच दिसत नाही. घोडीचे दोन कान आणि त्यामध्ये फेट्याचा तुरा, एवढंच येतं. हा मुद्दा सुभेदारांच्या परदेशातल्या दोन्ही पक्षांना सुचला नव्हता.

दोन बोटांवर मात्र चिंधू कबूल झाला. जेरबंदात दोन बोटं जातील इतकी ढील तो देणार. पण बोटं कोणाची? चिंधूची बोटं बोरूसारखी, सुभेदारांची केळ्यांसारखी. चिंधूनं आपली घातली, गेली. सुभेदारांनी घातली, एक गेलं आणि दुसरं अडकलं, ते काढेपर्यंत घोडीच दमली. वाद वाढला. शेवटी आनंदाबाईंची बोटं मध्यम म्हणून निवडली. त्या कुरडयांचा चीक हाटता हाटता आल्या होत्या. त्यांनी बोटं घातली आणि बाहेर काढली. घोडीनं मान जितकी वळत होती तितकी वळवून ती चाटून घेतली. याचा अर्थ काय लावायचा यावर पुन्हा दोन मतं पडली. पुढे जे झालं त्याची सुरुवात इथेच झाली, असं मला आता वाटतं.

ठरलं असं की आधी चाचणी घ्यायची. जागा कॉलनीची ओपन स्पेस. तिथे पाटी आहे, 'येथे जनावरे बांधू नयेत'. सुभेदार म्हणाले, आपण बांधत नाही, सोडून बघतोय. ते एका नव्या घराच्या कामावरून गवंड्याचा ओळंबाही घेऊन आले होते. तो घोडीच्या कपाळाशी धरून नाक रेघेच्या पुढे आहे की मागे, हे ते मोठ्यानं सांगणार होते. फक्त स्वार पाहिजे होता. अनुप पुण्याला. सुभेदारांचा गुडघा. चिंधूला दोरी धरायची. राहता राहिलो मी.

मला प्लास्टिकच्या खुर्चीवर उभं करून घोडीवर चढवलं. आनंदाबाई खालून म्हणाल्या, अनुपची आई असती तर तुम्हाला असं करू दिलं असतं का? पट्ट्यामुळे मला खालचं काही दिसत नव्हतं. घोडीचे कान दिसत नव्हते, चिंधू दिसत नव्हता. दिसत होतं ते आभाळ, एक विजेची तार आणि तारेवरचा होला. आणि जिचे डोळे बघायचे होते, तिच्या बरोबर पाठीमागे मी बसलेलो.

चिंधूनं जेरबंद सैल केला. सुभेदारांनी ओरडून सांगितलं, नाक पुढे, एकदम पुढे, पास. घोडी दोन-चार पावलं चालली. छान चालली. मग सुभेदारांचा ओळंबा तिच्या नाकाला लागला, ती फुरफुरली, चिंधूच्या हातातली दोरी निसटली आणि ती वळली. मला वाटलं, हा चाचणीचाच भाग असेल. ती डौलात चालत राहिली आणि एका जागी येऊन शांत उभी राहिली. मी खूश झालो. मोठ्यानं म्हणालो, "बघा, मोकळी सोडली तर जनावर किती गरीब आहे. जागचं हलत नाही." मी पुढे म्हणालो, "माणसानं विश्वास टाकायला पाहिजे." खालून कुरकुर, मचमच असा आवाज येत होता.

आनंदाबाईंच्या अंगणात बाजेवर लुगडं पसरून त्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. मी विश्वासावर बोलत असताना मैनानं अर्धी बाज रिकामी केली. मला उतरवायचं कोणाला सुचलं नाही, कारण सगळे बाजेकडे धावले. शेवटी मी आपलाच घसरत, मखमलीला धरून, तुळशीच्या कट्ट्यावर उतरलो. कट्ट्यावर उभा राहून मी वर बघत होतो. लोक म्हणतात, तेव्हा माझा चेहरा फार गंभीर दिसत होता.

चिंधूनं जेरबंद पुन्हा आवळला. घोडी टेम्पोत चढवताना एवढंच म्हणाला, "याच्यासाठी बांधतो काका. पाह्यजे असंन त अशीच, नाई त दुसरी पाहा."

आनंदाबाई दोन दिवस डबा घेऊन आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, डब्यात उरलेल्या कुरडया तळलेल्या होत्या आणि सल्ला नव्हता. त्या काही बोलत नाहीत याची मला जास्त भीती वाटली. किसनरावांनी फोन करून सांगितलं की त्यांनी पुलगावची एक घोडी बघून ठेवली आहे, डीजेवर नाचते. अनुप फोनवर म्हणाला, बाबा, मी चालत येतो ना. मी म्हटलं, विचार करतो.

विचार कसला करायचा. दुसरी घोडी आणली तर अनुपच्या आईनं सांगितलेलं एकच काम राहिलं. तीच घोडी आवळून आणली, तर ज्या डोळ्यांसाठी आणायची तेच दिसणार नाहीत. दुपारी मी बसमध्ये बसून आंजीला गेलो. म्हटलं, निदान घरी बांधलेली असताना डोळे बघून घ्यावेत आणि मग काय ते ठरवावं.

चिंधूच्या घरामागे गोठ्यात मैना उभी होती. मोकळी होती, पण तोंड गव्हाणीत आणि माझ्याकडे पाठ. बाजूनं जायला गेलो तर तिनं मागचा पाय जरा उचलून दाखवला. मी बाहेर येऊन बाजेवर बसलो. चिंधूनं पाणी आणून दिलं आणि समोर उकिडवा बसला. मी काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून आलो होतो. श्वास, जबडा, परदेशातली स्पर्धा. त्यातलं काहीच बोललो नाही.

म्हटलं, "माझ्या बायकोनं हिला पुरी चारली होती. पिपरीच्या लग्नात. तेव्हा तिला हिचे डोळे आवडले होते."

चिंधूनं माझ्याकडे नीट पाहिलं. "चश्मेवाल्या बाई? ताट घेऊन आल्या होत्या त्या?"

"हो."

"त्या तुमच्या होय," तो म्हणाला. "त्या बाईनं मले लय झापलं होतं."

मग त्यानं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. घोडी लॉनच्या मागे लिंबाखाली उभी होती, वरात लावून झालेली, पण जेरबंद तसाच. बाईंनी पुरी पुढे केली तर घोडीला तोंड नीट उघडता येईना. बाई म्हणाल्या, सोड. चिंधू म्हणाला, अजून एक वरात आहे, राहू द्या. बाईंनी ताट खाली ठेवलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. आधी ही जेवेल, मग मी जेवेन. चिंधूनं वाट पाहिली की कंटाळून जातील. गेल्या नाहीत. त्यानं सोडला पट्टा. घोडीनं दोन पुऱ्या खाल्ल्या आणि तिसरीला बाईंच्या हातावर लाळ गाळली. बाईंनी हात पदराला पुसला आणि चिंधूला विचारलं, तुझं जेवण झालं का?

म्हणजे डोळे तिला असेच दिसले नव्हते. आधी तिनं मान सोडायला लावली होती. मी गल्लीभर, दवाखानाभर फिरून जे भांडण हरत आलो होतो, ते ती एका ताटावर जिंकून आली होती, आणि मी तेव्हा जिलबी खात होतो. आमच्या घरात बहुतेक गोष्टी अशाच झाल्या.

"मंग त्यायलेच काऊन नाई पाठवलं?" चिंधू म्हणाला. "तुमी कायले मानेले पट्टा बांधून फिरून राह्यले?"

मी म्हटलं, "ती मागच्या उन्हाळ्यात गेली."

चिंधूनं गोठ्याकडे पाहिलं. घोडी कडबा खात होती तेवढाच आवाज. मग तो उठला आणि माझा पेला उचलत म्हणाला, "सैल करतो. पण दोरी दोन्हीकून धरीन. अन् बोटं माह्यीच."

मी कबूल केलं. मोठ्या वाटाघाटीत काहीतरी सोडावं लागतंच.

आता लग्नाचा दिवस. आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे. अनुपच्या आईनं ठेवलेलं. तिच्या माहेरी लग्नं वेळेवर लागत. आमच्याकडे मुहूर्त म्हणजे घरून निघायची वेळ. म्हणून तिनं घड्याळ पुढे केलं, आणि मी ते मागे केलेलं नाही. त्या घड्याळाप्रमाणे आम्ही मारुतीच्या देवळापाशी पोचलो तेव्हा तिथे फक्त पुजारी आणि चिंधू होते. बँडवाले चहा घेत होते.

अनुप घोडीवर बसला. चिंधूनं जेरबंदात आपली बोरूची बोटं घातली, माझ्याकडे पाहिलं आणि आणखी थोडा सैल केला. बँड सुरू झाला. मैनानं मान लांब केली, मुंडकं झटकलं, झालर एका कानावर गेली, आणि ती चालायला लागली.

नाचली नाही. उड्या नाहीत, पाय आपटणं नाही. ती नुसती चालत होती, आणि झपाझप. नाचणारी पोरं मागे राहिली. एक मावसभाऊ रस्त्यात आडवा पडून नागाचा नाच करत होता, तो उठून बघतो तर वरात पुढच्या वळणावर. बँडवाल्यांना वाजवत वाजवत पळावं लागलं. क्लॅरिनेटवाल्याचा सूर पहिल्या वळणावर गेला, श्वास दुसऱ्या वळणावर. व्हिडिओवाला उलटा चालत शूटिंग करायचा, त्यानं ते सोडून दिलं आणि एका मोटरसायकलवर मागे बसला. सुभेदार बाजूनं धापा टाकत ओरडत होते, नाक पुढे, नाक पुढे. मी कसाबसा चिंधूशेजारी पोचलो. विचारलं, "नाचत का नाही?"

"चालून राह्यली काका," तो म्हणाला. चेहरा चमत्कारिक झालेला. "हे अशी चालते, मलेच माहीत नोतं."

एरवी त्या रस्त्याला दोन-दोन तास लागतात. आम्ही लॉनवर पोचलो तेव्हा गोरज मुहूर्ताला अजून वेळ होता. असं आमच्या नात्यागोत्यात कधी घडलेलं नाही, त्यामुळे कोणाचीच तयारी नव्हती. किसनराव गेटमागे बनियनवर, एका गालाला साबण. ओवाळायचं ताट रिकामं. गुरुजी दुसऱ्या लग्नात, कारण दोन्हीकडे उशीर होणार हे धरूनच त्यांनी दोन लग्नं घेतली होती. वर्षाली ब्युटीपार्लरमध्ये. किसनराव साबणासकट माझ्याकडे आले आणि म्हणाले, "भोयरजी, हे काय केलं तुमी? इतक्या लवकर कोणी येते का?" मुलाकडचे वेळेवर आले म्हणून व्याह्याचं बोलणं खाणारा या जिल्ह्यात मी पहिलाच असेन.

पण सगळ्यांनी धावाधाव केली. गुरुजींना मोटरसायकलवरून आणलं. वर्षाली अर्ध्या केसांना क्लिपा तशाच ठेवून आली आणि हसत होती. अक्षता रंगवायच्या राहिल्या होत्या, म्हणून आचाऱ्याच्या पोत्यातला पांढरा तांदूळ वाटला. मुहूर्ताच्या मिनिटाला अंतरपाट निघाला. मांडवात मोजकी माणसं होती. यवतमाळचे पाव्हणे आले तेव्हा लग्न लागून गेलेलं. ते थेट पंगतीला बसले आणि अजूनही लग्न लागल्याची खात्री करून घेतात. तो नागाचा नाच करणारा मावसभाऊ माझ्याशी बोलत नाही.

जेवणं सुरू झाली तेव्हा मी ताटात पुऱ्या घेतल्या आणि लॉनच्या मागे गेलो. लिंबाखाली मैना उभी होती. चिंधूनं साज उतरवला होता, जेरबंद खांद्यावर टाकला होता. समोर घमेल्यात हरभरा, आणि तिचं तोंड घमेल्यात. मी पुरी पुढे केली. तिनं तोंड वर न करताच ती माझ्या हातातून ओढून घेतली. मी वाकायला गेलो. पट्टा वाकू देईना. सगळं झालं होतं. घोडी तीच, मान मोकळी, लग्न वेळेवर. आणि डोळे अजून खाली, माझ्या हनुवटीच्या पलीकडे कुठेतरी.

चिंधू बघत होता. त्यानं हात पुसले, माझ्या मागे आला आणि म्हणाला, "थांबा काका, हलू नका." घोड्यांशी बोलतो त्याच आवाजात. पट्ट्याचा चिकटपट्टा चर्रकन निघाला. त्यानं गळ्याशी दोन बोटं घालून पाहिली आणि मग पट्टाच काढून त्या जेरबंदावर टाकला. "डॉक्टरनं इचारलं त माह्यं नाव सांगजा," म्हणाला.

मी मान खाली घातली. दुखली, पण गेली.

तपकिरी होते. पापण्या पांढऱ्या, लांब. एका डोळ्याच्या कडेला हरभऱ्याचं टरफल चिकटलं होतं. ती पुढच्या पुरीची वाट बघत होती. मी दिली.

"तुमचं जेवण झालं का?" मी चिंधूला विचारलं.